मनाईचा फलक नको, जीवरक्षक द्या

प्रति,
किनाऱ्याचा कारभार ज्यांच्या सहीने चालतो ते सर्व अधिकारी
आणि आमच्या मतांवर निवडून गेलेले सर्व लोकप्रतिनिधी

महोदय,

एप्रिलच्या अखेरीस आमच्या पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, नवा लोखंडी फलक उभा राहिला. पांढऱ्या पत्र्यावर लाल अक्षरांत लिहिलंय, 'समुद्रात उतरण्यास सक्त मनाई. दुर्घटना घडल्यास प्रशासन जबाबदार राहणार नाही.' त्याच आठवड्यात, हंगामापुरते रोजंदारीवर ठेवलेले गावचे दोन्ही जीवरक्षक घरी बसवले गेले. मनाई केली म्हणजे पाण्यात कोणी उतरणार नाही, आणि कोणी उतरणारच नसेल तर जीवरक्षकांचा खर्च कशाला, असा हिशेब झाला असणार. तोंडी विचारलं तेव्हा साधारण हेच उत्तर मिळालं. लेखी विचारलं त्याला अजून उत्तर नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

मी रायगड जिल्ह्यात समुद्रकाठच्या एका वाडीत राहते. माहेरही खाडीपलीकडचंच. घरच्या पडवीत आमची खानावळ आहे. मे महिन्यात सकाळी तांदळाच्या भाकऱ्या थापायला बसलं की दुपारी पंगती उठेपर्यंत मान वर करायला सवड नसते. पाहुणे हात धुता धुता हमखास विचारतात, "काकी, आत्ता पाण्यात गेलं तर चालेल ना?" मग मी भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघते आणि सांगते. हे सांगायला किनाऱ्यावर नेमलेलं माणूस हवं, ते नाही, म्हणून स्वयंपाकघरातून मला सांगावं लागतं. ज्या दोघांना घरी बसवलं त्यांतला एक माझा पुतण्या आहे, हेही आताच सांगते, म्हणजे नंतर कोणी शोधून काढायला नको. त्याला दुसरं काम मिळेल. पुळणीला दुसरा जीवरक्षक मिळणार नाही.

मे महिन्यातल्या एखाद्या रविवारी आमच्याकडे कोण येतं ते आपण एकदा येऊन बघा. ज्यांच्या रिसॉर्टात तरणतलाव आहे ती माणसं समुद्रात फारशी उतरतच नाहीत. उतरतात ती टेम्पो नाहीतर भाड्याची जीप करून आलेली कुटुंबं. घरून पुऱ्या-बटाट्याची भाजी बांधून आणलेली, आजीपासून तान्ह्या पोरापर्यंत सगळी. पनवेल, कल्याण, भिवंडी, पिंपरी इथल्या पत्र्याच्या नाहीतर स्लॅबखालच्या तापलेल्या खोल्यांतून ती निघतात, आणि दिवसभर पाण्यात डुंबून रात्री परत जातात. उन्हाळ्यात अंग गार करून घेण्याची, ज्याला तिकीट लागत नाही अशी, या लोकांना एवढी एकच जागा उरली आहे. हवामान खातं उष्णतेची लाट ठरवताना मैदानी भागासाठी ४० अंशांचा आकडा धरतं आणि किनारपट्टीसाठी ३७ चा. इथल्या हवेत घाम वाळतच नाही, हे इथे राहणाऱ्याला ठाऊक आहे. १६ एप्रिल २०२३ ला आमच्याच जिल्ह्यात, खारघरच्या उघड्या मैदानात तासन् तास बसलेल्यांपैकी १४ जणांचा उष्माघाताने मृत्यू झाला. अशा उन्हात तीन-चार तासांचा प्रवास करून पाण्यापर्यंत पोचलेल्या माणसाला आपण पत्र्यावर 'सक्त मनाई' लिहून थांबवू शकत नाही. आपल्या फलकाच्या खांबाला ओले टॉवेल वाळत घातलेले मी पाहिले आहेत.

फलकाने एकही माणूस पाण्याबाहेर राहिला नाही. आधी माणसं पाण्यात होती आणि त्यांच्यावर दोघांची नजर होती. आता माणसं पाण्यात आहेत आणि नजर कोणाचीच नाही. माझी मुख्य तक्रार हीच आहे.

समुद्र कुठे आणि केव्हा धोक्याचा, हे फलकावर मावणारं नाही. आमच्या पुळणीच्या दक्षिण टोकाला खाडीचं मुख आहे. तिथून थोडं अलीकडे, पाण्याखालच्या वाळूच्या दांड्याला, म्हणजे लांबट उंचवट्याला, खिंड पडलेली आहे. लाटांनी किनाऱ्याकडे ढकललेलं पाणी कुठून तरी परत जायला हवं. ते या खिंडीतून एकवटून जोराने आत जातं. त्यालाच आम्ही ओढ म्हणतो. वरून बघणाऱ्याला मात्र तिथे उलटंच दिसतं. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असतात, पांढरा फेस असतो, आणि मधल्या पट्ट्यात लाट फुटतच नाही. पाणी तिथे शांत, जरासं गडद. लहान मूल सोबत असलेला बाप हीच जागा निवडतो, कारण त्याला ती सगळ्यात सुरक्षित वाटते. पोराला लाटांचा मार लागू नये म्हणून तो त्याला हाताला धरून नेमका ओढीत नेतो. यात त्या बापाचा काय दोष? पुण्या-मुंबईच्या माणसाला हे कोण सांगणार? ओढ माणसाला खाली खेचत नाही, आत नेते. तिच्याविरुद्ध किनाऱ्याकडे पोहत राहिलं तर चांगला पोहणाराही दमून बुडतो. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत गेलं तर काही अंतरावर ती सुटते. पोहता येत नसेल तर तरंगत राहून हात वर करायचा. एवढी गोष्ट माहीत असली तर जीव वाचतो. आपल्या फलकावर ती नाही.

आणि ही खिंड एका जागी राहत नाही. पावसाळ्यात वाळू हलते, दिवाळीनंतर दांडा वेगळ्याच ठिकाणी बसतो. म्हणून खिळे ठोकून उभा केलेला फलक उपयोगाचा नाही. रोज सकाळी पाणी बघून झेंडे रोवणारा माणूस लागतो. माझा पुतण्या आणि त्याचा जोडीदार हेच करत होते. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, दांडा उघडा पडला की चालत जाऊन खिंड कुठे आहे ते बघायचं, आणि भरती यायच्या आत तिच्या दोन्ही अंगांना बांबूवर लाल फडकी लावायची. ती फडकी माझ्या जुन्या साडीची होती. सरकारी झेंडे मागितले होते, आले नाहीत.

वेळेचंही तसंच. तिथीला पाऊणपट केलं की भरतीची वेळ निघते, हे आमच्याकडे शाळेत न गेलेल्या बायकांनाही येतं. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, पुनवेला आणि अवसेला दुपारी बाराच्या आसपास. आता बघा, पुनव-अवसेला उधाणाचं पाणी बाराला भरलं की संध्याकाळी सहापर्यंत ओसरत राहणार, आणि मधल्या दोन-तीन तासांत सगळ्यात वेगाने. अष्टमीच्या आसपास, ज्याला आम्ही भांग म्हणतो त्या दिवसांत, पाणी थोडंच चढतं-उतरतं. उधाणाला ते दूरवर आत जातं आणि जाताना ओढून नेतं. पर्यटक सकाळी येतात, जेवतात, सावली सापडली तर जरा पडतात आणि ऊन कलल्यावर तीन-चारला पाण्यात शिरतात. त्यात मे महिन्यात दुपारनंतर वायव्येचा वारा उठतो आणि लाटा वाढतात. म्हणजे जेव्हा पुळणीवर सगळ्यात जास्त माणसं पाण्यात, तेव्हाच पाणी सगळ्यात वाईट. आज भरती केव्हा, ओहोटी केव्हा, हे खडूने लिहिलेला एक साधा फळा वाहनतळावर असता तरी कित्येक घरांनी जेवणाची वेळ बदलली असती. उंच लाटांचे इशारे हैदराबादची 'इन्कॉइस' ही केंद्र सरकारची संस्था नियमित देते. ते आपल्या कार्यालयांपर्यंत पोचत असतील. वाळूपर्यंत पोचत नाहीत.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. साधारण दहा वर्षांचा एक मुलगा, अंगात लाल बनियन, त्या खिंडीजवळ छातीभर पाण्यात उभा होता. आजूबाजूला त्याचीच माणसं, हाताच्या अंतरावर. मी शहाळीवाल्याचे डबे परत घ्यायला खाली गेले होते, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं. मुलगा ओरडला नाही. हातही हलवले नाहीत. फक्त डोकं मागे टाकलं, तोंड आकाशाकडे केलं, केस डोळ्यांवर आले तरी बाजूला केले नाहीत, आणि दोन लाटांनंतर तो होता त्यापेक्षा बराच आत होता. त्याचे काका शेजारी हसत फोटो काढत होते. पुतण्याने शिट्टी मारली तोवर तो मचाणावरून उडी टाकून निम्म्या वाटेत होता. ट्यूब पोराच्या काखेत अडकवली, ओढीबरोबर थोडं आत जाऊ दिलं, मग आडवं येत येत दांड्यावर उभं केलं. बुडणारं माणूस सिनेमातल्यासारखं हाका मारत नाही. श्वास घेण्यातच सगळी शक्ती जाते, आणि हे सगळं मिनिटभरात आटोपतं. हे ओळखायला शिकलेली नजर लागते. त्या मुलाच्या आईला पोरगं हातात मिळेपर्यंत काय झालं ते कळलंच नव्हतं.

आज तिथे मचाण आहे. वर कोणी नाही.

आपल्याला जुन्या तारखांची आठवण करून द्यायला मला आवडत नाही, पण द्यावी लागते. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी गेले. १५ एप्रिल २०१७ ला मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावचे ८ जण गेले, तीही बहुतेक शिकणारी मुलंच. प्रत्येक वेळी पाहणी झाली, फोटो छापून आले. पाहणीच्या वेळी जे बोललं जातं त्यातलं आमच्यासारख्या छोट्या पुळणीवर येऊन पोचतं ते म्हणजे एक फलक. प्रेत काढायला मात्र आमच्याच कोळीवाड्यातल्या होड्या जातात. डिझेल त्यांचं, रात्र त्यांची. मी त्या होड्या परत येताना पाहिल्या आहेत आणि त्याबद्दल इथे जास्त लिहिणार नाही.

शेजारचं गोवा बघा. तिथे २००८ पासून सरकारने कंत्राट देऊन जीवरक्षकांची शिस्तशीर व्यवस्था उभी केली आहे. मचाणं, जीप, जेट स्की आणि झेंडे. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधे पोहा, लाल झेंडा असेल तिथे पाय टाकू नका. पर्यटक तिथेही तेच जातात जे आमच्याकडे येतात. आपल्या राज्यातही २०२५ मध्ये श्रीवर्धन, नागाव, पर्णका, गुहागर आणि लाडघर या पाच किनाऱ्यांना 'ब्लू फ्लॅग' हे स्वच्छ आणि सुरक्षित किनाऱ्यांचं आंतरराष्ट्रीय मानांकन जाहीर झालं. त्याचे ३३ निकष आहेत आणि त्यांत पाण्याची शुद्धता, स्वच्छता यांच्या जोडीने सुरक्षितता, म्हणजे जीवरक्षक आणि प्रथमोपचार, येतेच. मग जे पाच ठिकाणी करता येतं ते मानांकनाविना राहिलेल्या पुळणींवर मनाई करून का टाळायचं? बुडणाऱ्याला तो कोणत्या दर्जाच्या किनाऱ्यावर बुडतोय याने काय फरक पडतो?

आता सावलीबद्दल, कारण उन्हाळ्याच्या दिवशी पुळणीवर पाण्याइतकंच महत्त्व सावलीला आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या जिल्ह्यावर आदळलं आणि आमचं सुरूचं बन निम्म्याहून जास्त झोपलं. त्याआधी माणसं दुपारभर बनात बसायची, चादरी अंथरून, पोरं झोळीत टाकून. वादळाचा दोष कोणाला देणार? पण पडलेली झाडं उचलून नेली, खुंट तसेच राहिले, नवीन लागवड दोनदा झाली आणि पाणी न घातल्याने दोन्ही वेळा जळाली. सावली नाही म्हणून लोक गाडी थेट वाळूवर आणतात आणि तिच्या आडोशाला बसतात. मागच्या चाकापाशी चटईवर निजलेली पोरं मी पाहिली आहेत, आणि त्याच वाळूत शेजारी जीपच्या शर्यती लावणारे तरुणही. दोन्ही एकाच दुपारी. वाळूवर गाडी आणायला बंदी आहेच. तोही एक फलक आहे. याच किनारपट्टीवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात आणि पिल्लं मे महिन्यापर्यंत बाहेर येत असतात. चाकांखाली दबलेल्या वाळूतून ती कशी वर येणार? नुसतं सुरू लावू नका. उंडी लावा, करंज लावा, खाली मर्यादवेल राहू द्या. ती वाळू धरून ठेवते.

बाकीचं थोडक्यात. बायकांना कपडे बदलायला आडोसा नाही. ओल्या कपड्यांनी टेम्पोत बसून घरी जातात. शौचालय बांधलं, त्याला पाणी नाही आणि कुलूप आहे. प्यायच्या पाण्याचा एक नळ नाही. मात्र प्रत्येक गाडीकडून पावती फाडली जाते. त्या पैशांतून पुळणीवर काय खर्च झालं ते गेल्या ग्रामसभेत विचारलं, तर पुढच्या सभेत सांगू म्हणाले.

आपली बाजूही मी ऐकली आहे. लोक दारू पिऊन पाण्यात जातात, सांगितलेलं ऐकत नाहीत, जीवरक्षकालाच दमदाटी करतात. हे खरं आहे. माझ्या पुतण्याने एकदा कानफटात खाल्ली आहे. पण शिट्टी वाजली की ऐकणारे शंभरात खूप असतात, आणि न ऐकणाऱ्यांसाठी एक पोलीस शनिवार-रविवार उभा केला तरी पुरतो. शिवाय पाण्यात जाणारी सगळीच काही दारू प्यायलेली नसतात. त्या लाल बनियनवाल्या मुलाने काय केलं होतं?

सरसकट मनाईने आणखी एक नुकसान होतंय, ते आमच्या घरातलं आहे. आम्ही पोहायला शिकलो ते न सोललेले दोन सुके नारळ काखेत बांधून, थोरल्यांच्या नजरेखाली, भांगेच्या दिवसांत खाडीच्या आतल्या पाण्यात. आता शाळेतून सूचना येते की समुद्रावर बंदी आहे, मुलांना पाठवू नका. आईबाप घाबरतात. समुद्रापासून दगडाच्या टप्प्यावर राहणारी मुलं पोहायला न शिकता मोठी होताहेत. उद्या कोणी बुडताना दिसलं तर ती त्याला काढायला जातील, कारण तशी आमच्याकडची रीतच आहे, आणि त्यांना पोहता येत नसेल. याचा विचार आपण कोणीच केलेला दिसत नाही.

आमच्या मागण्या अशा आहेत.

पहिली आणि सगळ्यात तातडीची: दोन्ही जीवरक्षकांना या आठवड्यात परत बोलवा, आणि दोघांवर न थांबता चार नेमा, म्हणजे आळीपाळीने सकाळी आठ ते सूर्यास्तापर्यंत मचाण रिकामं राहणार नाही. त्यांचं मानधन महिन्याच्या महिन्याला द्या आणि विमा उतरवा. शिट्टी, दुर्बीण, दोरी, तरंगणाऱ्या बचाव-नळ्या आणि झेंडे सरकारी खर्चाने द्या. ट्रकची ट्यूब आणि माझी साडी यांवर हे काम चालू नये.

दुसरी: मनाईचा फलक काढा. त्याजागी रोज आखलेली, झेंड्यांनी दाखवलेली पोहण्याची जागा ठेवा, आणि खाडीच्या मुखाजवळ कडक बंदी ठेवा. तिथली बंदी आम्हीच पाळायला लावू. वाहनतळावर भरती-ओहोटीच्या वेळांचा आणि लाटांच्या इशाऱ्याचा फळा लावा, ओढीत सापडल्यावर काय करायचं ते चित्रासकट, मराठीत आणि हिंदीत. पावसाळ्यात समुद्र खवळला की पूर्ण बंदी हवीच, त्याला आमचा विरोध नाही.

तिसरी: खानावळवाले, टपरीवाले, घोडागाडीवाले, होडीवाले या सगळ्यांना बुडालेल्या माणसाला कृत्रिम श्वास कसा द्यायचा आणि छाती कशी दाबायची याचं प्रशिक्षण द्या. अजूनही आमच्याकडे माणूस बाहेर काढला की पोटावर दाब देतात, उलटं धरतात. १०८ ची रुग्णवाहिका घाटवळणांतून येईपर्यंतची मिनिटं आमच्या हातात असतात, आणि त्या मिनिटांत काय करायचं ते आम्हाला कोणी शिकवलेलं नाही. खानावळ बंद ठेवून मी स्वतः येईन.

सावलीची झाडं या पावसाळ्यात लावा आणि पहिले दोन उन्हाळे त्यांना पाणी घालायचं काम महिला बचत गटाला द्या. गाड्या वाळूवर चढतात त्या दोन वाटांवर दगड लावून त्या बंद करा. शौचालयाचं कुलूप काढा. पावत्यांचा हिशेब ग्रामसभेत वाचून दाखवा.

यातली कोणती मागणी मान्य, कोणती नाही, आणि नसल्यास का, हे लेखी कळवावं ही विनंती. या महिन्यातली पुनव अजून यायची आहे, आणि त्या शनिवार-रविवारच्या खोल्या आमच्या गावात आताच भरल्या आहेत. त्याआधी मचाणावर माणूस बसवा.

आपली,
समुद्रकाठच्या वाडीतली एक खानावळवाली